केसांच्या न्हाणाची तीन घराणी

कमरेपर्यंत पोचलेल्या वेणीचा शेंडा हा तिचा सगळ्यात जुना भाग. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतो. म्हणजे ७५ सेंटिमीटर लांब केसाचं टोक पाच वर्षांपूर्वी डोक्यातून बाहेर आलेलं असतं. तेव्हापासूनचं ऊन, पाणी, फणी सगळं त्यानं सोसलेलं असतं. टाळूला सुटणारं तेल मुळाशीच राहतं, इतक्या खाली उतरत नाही. लांब केस कोरडे पडतात ते यामुळे. मळ काढायचा असतो मुळाशी आणि जपायचं असतं टोकाला, तेही एकाच न्हाणात. शिकेकाईचा डबा, खोबरेलाची बाटली आणि परसातली जास्वंद हे या पेचावर आपल्याकडे निघालेले तीन उपाय. त्यांची घराणी वेगळी, गावं वेगळी. सोयरीक जमली ती न्हाणीघरात.

पहिलं घराणं फेसाचं. हरियाणातल्या बनावली इथल्या हडप्पाकालीन वस्तीत रिठा, आवळा आणि शिकेकाई यांचे अवशेष मिळाल्याची नोंद पुरावनस्पतिशास्त्राच्या अभ्यासकांनी केली आहे. संस्कृतात रिठ्याला ‘फेनिल’ असंही म्हणतात. रिठ्याच्या सालीत आणि शिकेकाईच्या शेंगेत सॅपोनिन नावाची द्रव्यं असतात. त्यांच्या रेणूचा एक भाग पाण्याला धरतो, दुसरा तेलाला. म्हणून तेलकट मळ सुटून पाण्याबरोबर निघून जातो.

दोघांचा स्वभाव मात्र वेगळा. रिठा कडक. रेशमी, लोकरी कपडे आणि सोन्याचांदीचे दागिने धुवायलाही तो चालतो, यावरूनच त्याचा जोर कळावा. शिकेकाई मवाळ. ती एका काटेरी, झाडांवर चढत जाणाऱ्या वेलीची शेंग, सह्याद्रीच्या रानातली. कातकरी, ठाकर, महादेव कोळी ही माणसं हिरडा-बेहड्याबरोबर तिच्या शेंगा गोळा करतात आणि तिथून ती आठवडी बाजारात, काष्ठौषधींच्या दुकानात येते. तिचं पाणी किंचित आम्ल असतं. कपड्याच्या वा अंगाच्या साबणाचं पाणी याच्या उलट, अल्कधर्मी. अल्कधर्मी पाण्यात केस फुगतो, त्याच्यावरचे खवले उघडतात, एकमेकांत अडकतात आणि गुंता होतो. आम्ल पाण्यात ते खवले मिटून बसतात. म्हणून शिकेकाईनं धुतलेला केस हाताला सरळ आणि आवरलेला लागतो.

दुसरं घराणं तेलाचं, आणि याची वंशावळ ग्रंथांत पक्की नोंदलेली आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातल्या पाचव्या अध्यायात रोज डोक्याला तेल लावणाऱ्याचे केस गळत नाहीत, अकाली पिकत नाहीत, असं सांगितलं आहे. ग्रंथकारांचं तेल प्रामुख्यानं तिळाचं. कोकणात नारळ मुबलक, तिथे खोबरेल. वाग्भटानं अष्टांगहृदयात आणखी एक पथ्य सांगून ठेवलं आहे: गरम पाणी अंगावर घेतल्यानं बळ येतं, पण तेच डोक्यावर घेतलं तर केसांचं आणि डोळ्यांचं बळ जातं. कोरड्या केसांसाठी इतका नेमका आणि इतका बिनखर्ची सल्ला दुसरा मिळणार नाही.

न्हाण्याच्या आधी तेल का, याचा उलगडा मुंबईत झाला. मॅरिको कंपनीतले संशोधक आरती रेले आणि आर. बी. मोहिले यांनी २००३ साली खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. केसातल्या प्रथिनांची झीज तिन्हींपैकी फक्त खोबरेलानं कमी झाली, न्हाण्याआधी लावलं तरी आणि नंतर लावलं तरी. कंपनी खोबरेल विकणारी, हे ध्यानात ठेवूनच हा निष्कर्ष वाचायला हवा. पण त्यामागचं कारण पटण्यासारखं आहे. खोबरेलात लॉरिक आम्ल भरपूर. त्याचा रेणू लहान आणि सरळ, त्यामुळे तो केसाच्या आत शिरतो. आत तेल असलं की केस पाणी कमी पितो, कमी फुगतो, कमी झिजतो.

तिसरं घराणं बुळबुळीचं. याला ग्रंथांनी फारसा मान दिला नाही, हे बायकांनीच सांभाळलं. जास्वंदीची आठ-दहा पानं पाण्यात टाकून चुरायला घ्या. आधी नुसतं हिरवं पाणी सुटतं. मग बोटांत काहीतरी ओघळायला लागतं, आणि पाहता पाहता वाटीभर पाणी अंड्याच्या पांढऱ्यासारखं तार धरतं. भिजवलेली मेथी, उकळलेली अळशी, कोरफडीचा गर यांचाही धर्म हाच. त्यांच्यातली लांब साखळीची शर्करायुक्त द्रव्यं पाणी धरून ठेवतात आणि केसावर पातळ लेप देतात. फणी अडत नाही, केस तुटत नाही. आज कंडिशनरच्या बाटलीकडून आपण जे काम करून घेतो ते हेच. लांब आणि कोरड्या केसांना सगळ्यात जास्त गरज याच घराण्याची, आणि सगळ्यात आधी विसर पडला तोही याचाच.

ही सोयरीक मोडली कशी, तेही सांगायला हवं. १९०३ साली बर्लिनमध्ये हान्स श्वार्झकोफ यांनी पाण्यात विरघळणारी शाम्पूची पूड बाजारात आणली. १९३०च्या दशकात अमेरिकेत कृत्रिम डिटर्जंटचे शाम्पू निघाले. आपल्याकडे तो घरोघर पोचला पाउचमुळे. तमिळनाडूतल्या कडलूरचे चिन्नी कृष्णन यांनी शाम्पू छोट्या पाउचमध्ये भरण्याची वाट पाडली आणि त्यांचे चिरंजीव सी. के. रंगनाथन यांनी १९८३ पासून ‘चिक’ गावोगाव नेला. सामायिक नळावर नंबर लावणाऱ्या, सकाळची लोकल गाठणाऱ्या बाईला या पाउचनं खराच दिलासा दिला. शेंगा वाळवा, कुटा, शिंकत शिंकत चाळा, रात्री भिजवा, सकाळी उकळा, गाळा. हे सगळं तिच्याच माथी होतं. तिनं ते सोडलं यात तिचा काही दोष नाही.

नुकसान झालं ते वेगळंच. फेस म्हणजे स्वच्छता, हे समीकरण डोक्यात बसलं. मग घरी शिकेकाई करायला घेतली तरी फेस येत नाही म्हणून रिठा वाढवला जातो, बुळबुळीचं नावही निघत नाही, आणि केसांची काथ्यासारखी गत झाली की बोल शिकेकाईला लागतो.

लांब, कोरड्या केसांसाठी मी करते ते प्रमाण असं: शिकेकाई चार भाग, आवळकाठी दोन, मेथी एक आणि बिया काढलेला रिठा जेमतेम अर्धा. ही पूड डोक्यावर थापायची नाही. तिचे कण लांब केसांत अडकतात आणि ते काढता काढता केस तुटतात. तीन-चार चमचे पूड दोन तांबे पाण्यात रात्री भिजवावी, सकाळी मंद आचेवर उकळून पंच्यातून गाळावी. आदल्या रात्री टोकांना खोबरेल लावून ठेवावं. काढा कोमट झाला की फक्त टाळूला चोळावा. खालचे केस ओघळत्या पाण्यानंच पुरेसे धुतले जातात. शेवटी जास्वंदीच्या पानांचा गाळलेला रस लांबीवर फिरवून, बोटांनी गुंता सोडवून साध्या पाण्यानं धुवावं. डोळे घट्ट मिटावेत, शिकेकाई भयंकर झोंबते. उरलेला काढा फ्रिजमध्ये दोन दिवसांहून जास्त ठेवू नये, तो आंबतो. आणि केस पुंजक्यानं गळत असतील तर डॉक्टर गाठावा. तिथे यातलं कुठलंच घराणं पुरं पडणार नाही.

माझं प्रमाण तुम्हाला जसंच्या तसं लागू पडेल असं नाही. विहिरीचं जड पाणी असेल तर शिकेकाई थोडी जास्त लागते, केस पातळ असतील तर मेथी कमी. असे बारकावे कुठल्या संहितेत नाहीत. ते आज्या-मावश्यांच्या, काकवांच्या हातात आहेत, आणि विचारल्याशिवाय त्या सांगत नाहीत, कारण यात सांगण्यासारखं काही आहे असं त्यांना कुणी कधी भासूच दिलं नाही. तेव्हा येत्या दिवाळीच्या अभ्यंगस्नानाआधी त्यांना विचारा, चमच्याच्या मापानं लिहून घ्या, आणि त्या कागदावर त्यांचं नाव घाला.