पाण्यावर खूण राहत नाही

जमिनीवरची लढाई संपली तरी जमीन राहते. पावनखिंडीत आजही खिंड आहे, पानिपतावर आजही शेते आहेत. सहलीला नेलेल्या मुलांना पायाखालच्या मातीकडे बोट दाखवून ‘इथे हे घडले’ असे सांगता येते. इतिहासाच्या शिक्षकाला याहून मोठे साधन नाही. समुद्रावरच्या लढाईचे मात्र तसे नसते. जहाज बुडाले की थोडा वेळ तेलाचा तवंग दिसतो आणि मग पाणी पूर्ववत होते. म्हणून नौदलाच्या लढायांची स्मारके किनाऱ्यावर उभारावी लागतात. गेल्या दोन उन्हाळी सुट्ट्यांत मी, सौ., कन्या आणि चिरंजीव अशी आम्ही चौघे त्यांतली काही पाहून आलो.

आमच्या बेळगाव भागात फौजी माणसाचे अप्रूप नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आमच्या गावातच असल्याने गल्लीगल्लीत एखादे सुभेदार किंवा हवालदार निवृत्त होऊन आलेले असतात आणि पारावर त्यांच्या तोंडून लढायांच्या गोष्टी ऐकायला मिळतात. परंतु त्या सगळ्या डोंगराच्या आणि वाळवंटाच्या. समुद्राची गोष्ट सांगणारा क्वचित भेटतो. मुलांना समुद्र म्हणजे गोव्याची सहल एवढेच ठाऊक. ही उणीव भरून काढावी, एवढाच आमच्या प्रवासाचा हेतू होता.

पहिला मुक्काम कारवार. तेथील रवींद्रनाथ टागोर किनाऱ्यावर ‘चपल’ ही क्षेपणास्त्र नौका संग्रहालय म्हणून जमिनीवर उभी आहे. लांबी सुमारे ३८ मीटर, पाठीवर क्षेपणास्त्रांच्या चार मोठ्या पेट्या. चिरंजिवांनी आत शिरताच प्रश्न केला, “बाबा, हिनेच कराची पेटवली का?” उत्तर नाही असे आहे. ‘चपल’ नौदलात आली १९७६ साली आणि निवृत्त झाली २००५ साली. १९७१ च्या डिसेंबरात कराचीवर गेल्या त्या ‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’. ‘चपल’ ही त्यांची धाकटी बहीण म्हणावी.

रशियन बनावटीच्या या नौका मुळात किनाऱ्याच्या रक्षणासाठी बांधलेल्या. फार दूर जाण्याइतके इंधन त्यांच्यात मावत नसे. आमच्या नौदलाने त्या मोठ्या जहाजांच्या मागे बांधून ओढत नेण्याचा सराव केला आणि बचावाच्या नौकेचे चढाईचे हत्यार केले. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री ‘खैबर’ ही पाकिस्तानी विनाशिका आणि ‘मुहाफिज’ ही सुरुंगशोधक नौका बुडाली, आणि कराचीजवळच्या केमारीच्या तेलटाक्यांना आग लागली. नौदल दिन ४ डिसेंबरला साजरा होतो तो याच पराक्रमामुळे.

या कारवारच्याच दक्षिणेला, किनाऱ्यालगत अंजदीव नावाचे बेट आहे. आज ते नौदलाच्या ताब्यात असून तुम्हाआम्हाला तिथे जाता येत नाही. १९६१ साली ते पोर्तुगिजांकडे होते. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात तेथून ‘साबरमती’ या प्रवासी बोटीवर गोळीबार झाला. कारवारचा एक मच्छीमारही तिथल्या गोळीने दगावला. पुढे १८ डिसेंबरला ‘त्रिशूल’ या युद्धनौकेवरची तुकडी बेटावर उतरली. भारतीय बाजूची नोंद अशी आहे की, बेटावर पांढरे निशाण दिसले होते आणि तरीही उतरणाऱ्यांवर गोळ्या चालल्या. नौदलाचे सात जण कामी आले. दुसऱ्या दिवशी बेट ताब्यात आले. गोवा मुक्तीची गोष्ट आपल्याकडे सत्याग्रहींच्या अंगाने पुष्कळ सांगितली जाते, आणि ते योग्यच आहे. पण या सात जणांची आठवण फारशी निघत नाही. वास्कोच्या ‘गोमंतक’ या नौदल तळावर त्यांचे स्मारक आहे.

वास्कोजवळ बोगमाळोच्या वाटेवर नौदलाच्या विमानांचे संग्रहालय आहे, १९९८ साली सुरू झालेले. ‘सी हॉक’ आणि ‘अलीझे’ ही विमाने तिथे उघड्या आवारात ठेवली आहेत. १९७१ साली ‘विक्रांत’वरून उडून कॉक्स बझार आणि चितगाववर हल्ले केले ते याच जातीच्या विमानांनी. स्वतः ‘विक्रांत’ मात्र उरलेली नाही. २००१ ते २०१२ मुंबईत संग्रहालय म्हणून राहिली आणि २०१४ नंतर भंगारात निघाली. कन्या म्हणाली, “म्हणजे विमाने आहेत आणि त्यांचे घर नाही.”

दुसऱ्या सुट्टीत दीव. १९८७ पर्यंत गोवा, दमण आणि दीव हा एकच केंद्रशासित प्रदेश होता. तिथे समुद्राकडे तोंड करून एका टेकाडावर काचेच्या घरात ‘खुकरी’ या युद्धनौकेची प्रतिकृती ठेवलेली आहे. कराचीच्या विजयानंतर पाचच दिवसांनी, ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री, दीवपासून सुमारे ४० सागरी मैलांवर पाकिस्तानच्या ‘हंगोर’ या पाणबुडीने टॉर्पेडो सोडून ‘खुकरी’ बुडवली. पाण्याखालची पाणबुडी आवाजावरून हुडकणाऱ्या सोनार यंत्रात सुधारणा करून पाहण्याचे काम जहाजावर चालू होते. नीट ऐकू यावे म्हणून वेग कमी ठेवला होता, आणि कमी वेगाचे जहाज नेमके सोपे लक्ष्य ठरते. काही मिनिटांत सारे संपले. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी इतरांना जहाज सोडायला लावले आणि स्वतः सोडले नाही. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र देण्यात आले.

कारवारला चिरंजीव अखंड बोलत होते. दीवला कोणीच फारसे बोलले नाही. सौ. बराच वेळ समुद्राकडे पाहत होती. मग म्हणाली, “आपल्याकडे फौजी गेला तर निदान शव गावात येते. हार पडतो, दहावा होतो. यांच्या घरच्यांनी फूल कुठे वाहायचे?”

इतकी वर्षे इतिहास शिकवूनही स्मारकाकडे मी या अंगाने पाहिले नव्हते. १९४ घरांपैकी बहुतेकांच्या नशिबी चितेची राखसुद्धा आली नाही. हे स्मारक झाले १९९९ साली. तोवर २८ वर्षे त्यांना किनाऱ्यावर बोट ठेवून ‘इथून तिकडे’ असे म्हणायला इथे जागा नव्हती. पुढे ‘खुकरी’ हेच नाव दिलेले दुसरे जहाज मुंबईच्या माझगाव गोदीत बांधले गेले. त्याची सेवा २०२१ मध्ये संपली आणि २०२२ च्या प्रजासत्ताकदिनी ते दीवच्या प्रशासनाकडे संग्रहालयासाठी सोपवण्यात आले. आणि ती ‘हंगोर’ पाणबुडी? तीही जतन केलेली आहे, कराचीच्या सागरी संग्रहालयात. त्याच शहराच्या समुद्रात बुडालेल्या ‘खैबर’वर दोनशेहून अधिक माणसे गेली होती. त्यांच्याही घरच्यांचा प्रश्न सौ.ने विचारला तोच असणार.

शाळेत आपण ४ डिसेंबर सांगतो आणि थांबतो. विजय सांगायला सोपा असतो, मुलांनाही आवडतो. पण पाच दिवसांच्या अंतराने त्याच समुद्रात, त्याच नौदलाच्या वाट्याला आलेली ९ डिसेंबरची रात्र सांगितली नाही, तर पहिल्या रात्रीचे मोल मुलांना कळत नाही. कराचीवर जाणारी माणसेही परत येण्याची हमी घेऊन गेली नव्हती, हे ‘खुकरी’मुळे समजते. ज्या राष्ट्राला आपली हानी उघडपणे सांगता येते, त्याच्या विजयावर विश्वास ठेवावासा वाटतो.

आता आमच्या भागातली मुले नौदलातही भरती होत आहेत. दीव लांब आहे, कारवार नाही. सुट्टीत कारवारला जाल तेव्हा ‘चपल’वर मुलांना अवश्य चढवा, क्षेपणास्त्रांच्या पेट्या मोजू द्या. आणि खाली उतरल्यावर, भेळेच्या गाडीकडे धावण्यापूर्वी, अंजदीवच्या सात आणि ‘खुकरी’च्या १९४ जणांची गोष्ट सांगा. पाच मिनिटे पुरतात.