अग्नीची साक्ष आणि माणसांची साक्ष

प्रत्येक धर्म आपण सत्य असल्याचें सांगतो. परंतु सांगणारा असतो माणूस, आणि त्याची दृष्टि जन्म, संस्कार व रागलोभ यांनीं रंगलेली असते. मग त्याच्या तोंडचा सत्याचा दावा कितपत मानावा? हा प्रश्न एकदां एका बादशहाच्या दरबारांत प्रत्यक्ष आगीपर्यंत येऊन ठेपला होता. तीच हकीकत आज सांगतों.

इ. स. १५७५ सालीं अकबरानें फत्तेपूर सिक्री येथें इबादतखाना बांधविला. गुरुवारीं रात्रीं तेथें धर्मचर्चा चाले. प्रारंभीं प्रवेश केवळ मुसलमानांना होता. पण कोणीं कोठें बसावें येथूनच तंटे सुरू झाले. एकाच ग्रंथाला मानणारे पंडित परस्परांना पाखंडी ठरवूं लागले, आणि ते पाहून बादशहाचें मन संशयांत पडलें. पुढें इतर धर्मीयांना दार उघडलें. हिंदु पंडित, जैन मुनि व पारशी दस्तूर यांच्याशीं बादशहाच्या चर्चा झाल्या. आणि १५८० सालीं त्याच्याच निमंत्रणावरून रोदोल्फो आक्वाविवा, आंतोनियो मोन्सेरात वगैरे जेज्विट पाद्री गोव्याहून सिक्रीस आले.

वाद मिटेना, तेव्हां अशी कल्पना निघाली कीं, एकानें कुराण व दुसऱ्यानें बायबल घेऊन आगींत शिरावें. जो सुखरूप बाहेर येईल त्याचा धर्म खरा! पुढें काय झालें? येथें तीन साक्षी तीन तऱ्हांनीं बोलतात.

अकबरनाम्याचा कर्ता अबुल फजल म्हणतो, पाद्री आगींत शिरण्यास सिद्ध झाला, पण मुल्लामौलवी कचरले. मी शिक्षक असतांना वर्षानुवर्षें मुलांना हेंच सांगत असें. एके दिवशीं एका विद्यार्थ्यानें विचारलें, "गुरुजी, दुसऱ्या बाजूनें काय लिहून ठेवलें आहे?" मला उत्तर देतां आलें नाहीं. ती लाज मनांत धरून मी पुढें वाचूं लागलों.

दुसरा साक्षी बदायूनी. तो त्याच दरबारांतला, पण कट्टर सनातनी. त्यानें आपला इतिहास गुप्तपणें लिहिला आणि तो अकबराच्या मृत्यूनंतर उजेडांत आला. तो सांगतो, जलेसरचा शेख कुतुबुद्दीन आगीजवळ उभा राहून पाद्र्यांना ओढीत होता, पण त्यांची छाती झाली नाहीं. तिसरा साक्षी स्वतः मोन्सेरात. त्याचें लॅटिन हस्तलिखित १९०६ सालीं कलकत्त्यास सांपडलें व १९१४ सालीं छापून निघालें. तो म्हणतो, बादशहानें ही परीक्षा सुचविली, पण अशी परीक्षा म्हणजे ईश्वरालाच कसोटीस लावणें होय, म्हणून आक्वाविवानें ती नाकारली.

बदायूनी आणि मोन्सेरात यांचा धर्माविषयीं मुळींच मेळ नाहीं. तरीहि पाद्री आगींत शिरण्यास तयार झाले नाहींत, याविषयीं दोघांचें एकमत आहे. एक त्याला भित्रेपणा म्हणतो, दुसरा श्रद्धा म्हणतो; घटना मात्र एकच. उलट, अबुल फजलच्या घराण्यास उलेमांनीं पूर्वीं फार छळलें होतें, म्हणून त्यांची फजिती लिहितांना त्याची लेखणी सैल सुटली असावी. शिवाय त्यानें हा प्रसंग १५७८ सालच्या हकीकतींत घातला आहे. त्या वर्षीं आक्वाविवा सिक्रीस पोंचलाहि नव्हता!

म्हणजे तिन्ही साक्षी पक्षपाती असूनहि सत्याचा कांहीं अंश हातीं लागला. प्रत्येकाच्या डोळ्यावर रंगीत कांच आहे, म्हणून पाहण्यासारखें कांहींच नाहीं, असें ठरत नाहीं. फक्त एकाच कांचेवर विसंबतां येत नाहीं.

परंतु हा न्याय घटनांपुरता झाला. ईश्वराविषयींच्या दाव्याला साक्षी कोठून आणावे? अग्नि तर निरुत्तर राहिला. आणि कोणी जळला असता, तरी त्यावरून त्वचा जळते एवढेंच सिद्ध झालें असतें. मग प्राणार्पण हें तरी प्रमाण होईल काय? आक्वाविवा भित्रा नव्हता. गोव्यास परतल्यावर त्याच वर्षीं, १५८३ सालीं, साष्टींतील कुंकळ्ळी येथें तो मारला गेला. मारणारे होते, आपलीं देवळें पाडलीं गेल्यामुळें खवळलेले गांवकरी. पुढें पोर्तुगीजांनीं गांवच्या प्रमुखांस बोलणीं करण्याच्या मिषानें बोलावून ठार केलें. श्रद्धेपायीं मरण दोन्ही बाजूंस आलें. म्हणून धैर्य हेंहि सत्याचें प्रमाणपत्र नव्हे.

श्रद्धेनें सत्याचा दावा करूं नये, असें मी म्हणत नाहीं. दावाच नसेल तर ती श्रद्धा कसली? परंतु दावा करणारानें विरोधकाची उलटतपासणी सोसली पाहिजे, आणि आपल्या कांचेलाहि रंग आहे हें मान्य केलें पाहिजे. इबादतखान्यांत विद्वत्ता पुष्कळ होती. उणीव होती ती एवढ्याच नम्रतेची. त्या मुलाचा प्रश्न मात्र तीच नम्रता शिकवून गेला. दुसऱ्या बाजूनें काय लिहून ठेवलें आहे, हें विचारल्यावांचून आपलें म्हणणें खरें मानण्याचा अधिकार कोणासहि पोंचत नाहीं.