आत्याचे गाव आणि एक विधेयक

भाऊबीजेला आमच्या वसईच्या घरी आत्या येई, ती नव्या भाताच्या पोह्यांचे गाठोडे घेऊन. उंबरगाव तालुक्यातले तिचे खेडे तेव्हा आमच्याच ठाणे जिल्ह्यात होते. १९६० साली मुंबई राज्याची वाटणी ठरली आणि तिचे गाव कोणीकडे जाणार याच्या नाना वावड्या उठल्या. आगगाडीत एक ऐकावे, बाजारात दुसरेच!

वडील शाळामास्तर. ते म्हणाले, "वावड्या कशाला ऐकायच्या? विधेयक छापलेले असते, ते पाहू." मला घेऊन त्यांनी मुंबईची गाडी धरली आणि टाऊन हॉलमधले ग्रंथालय गाठले.

कायदा एकदम जन्मत नाही, हे मला तेथे प्रथम कळले. राज्यांच्या सीमा बदलणारे विधेयक राष्ट्रपतींच्या शिफारशीवाचून संसदेत मांडता येत नाही. त्याआधी ते त्या राज्याच्या विधिमंडळाकडे मतासाठी धाडावे लागते. ते मत मात्र संसदेवर बंधनकारक नसते. मांडलेले विधेयक भारताच्या राजपत्रात, दुसऱ्या भागाच्या दुसऱ्या विभागात, उद्देश व कारणांसह छापतात. मग कलमवार चर्चा, दोन्ही सभागृहांची मंजुरी आणि राष्ट्रपतींची संमती.

वडिलांनी कलमे ओलांडून थेट पहिली अनुसूची काढली. तीत गुजरातेत जाणाऱ्या खेड्यांची नावे होती. त्यांचे बोट एका नावावर थांबले. बराच वेळ ते काही बोललेच नाहीत.

त्याच रात्री त्यांनी खासदारांना पत्र लिहिले. आत्याला कळले तेव्हा ती म्हणाली, "अरे, मला विचारायला कुणी आलंच नाही रे!"

"विधिमंडळापुढे होतं तेव्हाच आपण वाचायला हवं होतं, ताई," वडील हळूच म्हणाले.

२५ एप्रिलला संमती मिळाली, १ मेला दोन राज्ये झाली. आत्या अंगणातून हललीसुद्धा नाही, आणि परराज्यात गेली! भाऊबीज तिने कधी चुकवली नाही. सातबारा मात्र गुजरातीत आला आणि तो वाचून घ्यायला तिला शेजारच्या पोराला हाक मारावी लागे.

आता विधेयके संसदेच्या आणि विधिमंडळाच्या संकेतस्थळांवर घरबसल्या वाचता येतात. यंदा फराळ झाल्यावर नातवाला मी एक उघडून दाखवले.

"आजोबा, अनुसूची कुठे असते?"

"कलमं संपली की. पण आपण वाचायला तिथूनच सुरुवात करायची."