जुन्या मोडी कागदांची पाठ व रुमाल

जुने मोडी कागद विकत घेणाऱ्या संग्राहकाचें लक्ष बहुधा दर्शनी बाजूकडे असतें. मुद्रा स्पष्ट उठली आहे, अक्षर वळणदार आहे, एखाद्या थोर पुरुषाचें नांव आहे, एवढें पाहून किंमत ठरते. परंतु कागदाच्या खरेपणाचा व काळाचा पुरावा पुष्कळदां त्याच्या पाठीवर आणि ज्या रुमालांत तो बांधलेला होता त्या रुमालांत असतो. हा पुरावा खरेदींत व दुरुस्तींत कसा नाहींसा होतो आणि तो कसा राखावा, हें दाखविण्याचा प्रस्तुत टिपणाचा हेतु आहे.

प्रथम दर्शनी बाजू घेऊं. शुहूर सन अरबी संख्याशब्दांनीं लिहिलेला असतो. ‘सीत सबैन अलफ’ म्हणजे १०७६. हा सन मृगापासून सुरू होतो. म्हणून त्यांत ५९९ मिळवून इ. स. १६७५ च्या मृगापासून १६७६ च्या मृगापर्यंतचा काळ येतो. राजशक ज्येष्ठ शुद्ध १३, शके १५९६, आनंदनाम संवत्सर, म्हणजे इ. स. १६७४ मधील राज्याभिषेकापासून चालू झाला. त्यापूर्वींच्या मितीच्या पत्रांत राजशक आढळल्यास तें पत्र संशयास्पद मानलेंच पाहिजे. तिथि, वार व संवत्सर यांचा मेळ जंत्रीवरून पाहतां येतो. नंतर कागद उजेडाकडे धरावा. हातकागदांत साच्याच्या काड्यांच्या रेषा दिसतात. विलायती कागदांत जलचिन्ह व क्वचित् सालहि सांपडतें.

मजकूर शिवकालीन व कागद एकोणिसाव्या शतकांतला, असें दिसल्यास तो एकदम बनावट ठरवूं नये. वतनाच्या तंट्यांत आणि पुढें १८५२ च्या कायद्यान्वयें झालेल्या इनाम चौकशींत हक्क शाबीत करण्यास कागद पुढें करावे लागत. अशा प्रसंगीं प्रामाणिक नकलाहि होत व लबाडीचे कागदहि बनत. असल नष्ट झाला असल्यास नक्कल बहुमोल आहे. ती असल म्हणून विकणें एवढीच लबाडी होय.

आतां पाठ. पुष्कळ पत्रांत चंद्र व महिना असतो, पण सन नसतो. अशा वेळीं पाठीवरील पैवस्तीची नोंद, म्हणजे पत्र पोंचल्याची मिति, उपयोगी पडते. बंद जोडून कागद लांब केला असल्यास सांध्यावर पाठीमागून शिक्का आढळतो. तो जुळतो कीं नाहीं, यावरून मधला बंद बदलला आहे काय हें कळतें. शोभेसाठीं पाठीला कापड चिकटविलें कीं हे साक्षीदार मुके होतात. शिवाय खळीनें कसर येते ती वेगळीच.

रुमालाचें महत्त्व याहून अधिक. राजवाडे यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ याचा पहिला खंड काढला. पानिपतपर्यंतच्या त्या पत्रव्यवहाराचें मोल पत्रें समूहानें हातीं आल्यामुळें वाढलें: एक पत्र दुसऱ्याचा काळ सांगतें, उत्तर प्रश्नाचा अर्थ लावतें. तोच रुमाल फोडून मुद्रेचीं पत्रें एकास, उरलेला हिशेब रद्दींत, असें झालें असतें, तर प्रत्येक पत्र पोरकें झालें असतें.

म्हणून शक्य तों सबंध रुमाल घ्यावा; न जमल्यास तो फोडण्यापूर्वीं क्रमवार यादी व दोन्ही बाजूंचीं छायाचित्रें करावीं, आणि कोणत्या घराण्याचा, कोणत्या गांवचा, हें लिहून ठेवावें. कडा कातरूं नयेत. टांचणी, चिकटपट्टी व प्लास्टिकचा मुलामा वर्ज्य करावा. काजळाची शाई उन्हानें विटत नाहीं, परंतु तींतील डिंक पाण्यानें सुटतो. यास्तव ओला उपचार जाणत्याकडूनच करवावा. फाटलें तेथें गव्हाच्या सत्त्वाची खळ व पातळ जपानी कागद पुरे. कोऱ्या सुती कापडाचा रुमाल, कोरडी हवा व वारंवार तपासणी, हें नित्याचें रक्षण होय.

ऐतिहासिक मोलाचा लेख पाऊणशें वर्षांचा झाला कीं तो १९७२ च्या पुराणवस्तूंविषयींच्या केंद्रीय कायद्याखालीं येतो. त्याच्या विक्रीचा धंदा परवान्यावांचून करतां येत नाहीं, व खाजगी व्यक्तीस तो परदेशीं पाठवितां येत नाहीं. पण कायदा कागद देशाबाहेर जाण्यापासून अडवील. घरच्या कात्रीपासून त्यास वांचविणें संग्राहकाच्याच हातीं आहे. सुंदर पत्र एका पिढीच्या भिंतीला शोभा देईल. सबंध रुमाल पुढील अनेक पिढ्यांच्या प्रश्नांना उत्तरें देईल.