राज्य गेले, देव्हारा राहिला

पोलंडमधील क्राकोव शहरी चार्तोरिस्की या सरदार घराण्याच्या नावाचे एक संग्रहालय आहे. तेथे एका तरुणीचे चित्र आहे. तिने मुंगसासारखा दिसणारा एक पांढराशुभ्र प्राणी हातांत धरला आहे आणि ती कोणाची तरी चाहूल लागावी तशी बाजूला पाहते आहे. लिओनार्दो दा विंचीने हे चित्र १४९० च्या सुमारास मिलानच्या दरबारी असताना काढले. ते पोलंडात कसे आले आणि कसे टिकले हे सांगू लागले, म्हणजे एका घराण्याचा आणि एका हरवलेल्या राज्याचा इतिहासच सांगावा लागतो.

चार्तोरिस्की मूळचे लिथुआनियाच्या राजकुळातले. वोलिन प्रांतातील चार्तोरिस्क या गावावरून त्यांना हे आडनाव पडले. अठराव्या शतकापर्यंत पुष्कळ सरदारांतले ते एक सरदार होते. १७३१ साली या घरातील आउगुस्त याने झोफिया नावाच्या विधवेशी लग्न केले. ती तिच्या बापाची एकुलती एक लेक, अफाट इस्टेटीची मालकीण. त्या लग्नाने घरात लक्ष्मी आली, आणि आउगुस्तचा थोरला भाऊ मिखाव याच्या मुत्सद्देगिरीने सत्ता आली. लोक त्यांच्या पक्षाला नुसते ‘फामिल्या’, म्हणजे ‘घराणे’, असे म्हणू लागले. एवढ्यावरून त्यांचा दरारा ध्यानी यावा.

त्या काळच्या पोलंडची राज्यव्यवस्था मोठी विचित्र होती. राजा वंशपरंपरेने येत नसे. सरदार मंडळी त्याची निवड करीत. आणि राज्यसभेत एका सभासदाने जरी ‘माझी संमती नाही’ असे म्हटले, तरी सारी सभा मोडे. याला ते स्वातंत्र्य म्हणत. शेजारच्या राजांना मात्र हे फार सोयीचे होते. एक सभासद फोडला की काम झाले! ही व्यवस्था सुधारावी असे चार्तोरिस्की बंधूंच्या मनात होते. हेतू चांगला होता, पण त्यासाठी त्यांनी रशियाचा हात धरला. १७६४ साली त्यांच्याच बोलावण्यावरून रशियन फौजा पोलंडात शिरल्या. आउगुस्तचा मुलगा आदाम काझिमेझ याला पुस्तकांची आवड अधिक. त्याला मुकुटाचा मोह नव्हता. तेव्हा रशियाच्या कॅथरीन राणीच्या मर्जीतला, या बंधूंचा भाचा स्तानिस्वाव आउगुस्त राजा झाला. बोलावलेला पाहुणा पुढे घरधनी होऊन बसला. १७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन घासांत रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी सारा पोलंड गिळला. आपल्याकडे खर्ड्याची लढाई झाली, त्याच १७९५ साली हे राज्य युरोपच्या नकाशावरून पुसले गेले.

चार्तोरिस्कींनाही याची झळ लागली. १७९४ च्या उठावात रशियन फौजेने त्यांचा पुवावी येथील वाडा लुटला आणि जहागिरी जप्त झाल्या. त्या सोडवण्यासाठी आदाम काझिमेझने आपले दोन मुलगे रशियाच्या दरबारी पाठवले. नावाला नोकर, खरे तर ओलीस.

या आदाम काझिमेझची पत्नी इझाबेला. पंधराव्या वर्षी लग्न होऊन या घरात आलेली ही बाई तरुणपणी नाचरंगात दंग असे. पण राज्य बुडाल्यावर तिच्या मनाने निराळेच वळण घेतले. तिने पुवावीच्या बागेत एक गोल मंदिर बांधविले आणि भविष्य सांगणाऱ्या सिबिलचे नाव त्याला दिले. १८०१ मध्ये ते उघडले. आत देवाची मूर्ती नव्हती. होत्या राजांच्या वस्तू, जुन्या लढायांतील निशाणे, १४१० च्या ग्रुनवाल्डच्या रणातल्या म्हणून जपलेल्या दोन तलवारी. दारावर अक्षरे कोरली होती : ‘भूतकाळ, भविष्यकाळासाठी’. ज्यांचे राज्य उरले नाही, त्यांनी आपण कोण होतो हे विसरू नये, एवढाच तिचा हेतू. तिचा थोरला मुलगा आदाम येझी याने इटलीत विकत घेतलेले लिओनार्दोचे चित्र याच संग्रहात आले.

ओलीस म्हणून गेलेला हा आदाम येझी रशियाच्या राजपुत्राचा, अलेक्झांडरचा, जिवलग मित्र झाला; १८०४ ते १८०६ या काळात रशियाचा परराष्ट्रमंत्रीही होता. मैत्रीतून पोलंड परत मिळेल अशी त्याची आशा होती. ती फळली नाही. १८३० च्या उठावात, साठी गाठलेला हा माणूस बंडखोर सरकारचा प्रमुख झाला. उठाव मोडला, रशियाने त्याला देहान्ताची शिक्षा फर्मावली आणि पुवावी कायमची हातची गेली. म्हाताऱ्या इझाबेलाने संग्रहातील चीजवस्तू घाईघाईने हलवल्या. लिओनार्दोची ती तरुणीही निर्वासित होऊन पॅरिसला पोहोचली. तेथे ‘ओतेल लांबेर’ हा आदाम येझीचा वाडा परागंदा पोलिश लोकांचे जणू राजभवनच झाला. १८६१ साली तो परमुलखातच वारला. ग्रुनवाल्डच्या तलवारी मात्र १८५३ मध्ये रशियन शिपायांनी नेल्या, त्या गेल्याच.

त्याचा मुलगा व्वादिस्वाव याने १८७८ साली क्राकोवमध्ये संग्रहालय उघडले आणि पोरकी झालेली चित्रे मायदेशी आली. पण भोग सरले नव्हते. १९३९ साली जर्मनांनी संग्रह लुटला. १९४५ मध्ये ती तरुणी बव्हेरियात सापडली व पुढल्या वर्षी परतली. राफाएलने काढलेले एका तरुणाचे चित्र मात्र आजतागायत परतलेले नाही. युद्धानंतर कम्युनिस्ट सरकारने संग्रहालय ताब्यात घेतले, ते १९९१ मध्ये घराण्याला परत मिळाले. २०१६ साली आदाम कारोल चार्तोरिस्की यांनी सारा संग्रह दहा कोटी युरोंना पोलंडच्या सरकारला दिला. किंमत किती तरी पट अधिक होती, म्हणून कोणी याला दान म्हणाले. कोणी म्हणाले, राष्ट्राची ठेव राष्ट्रालाच विकली.

दोन्हींत थोडे थोडे तथ्य असेल. या घराण्याचे वैभव वेठीने राबणाऱ्या कुळांच्या घामातून आले होते, हे विसरता येत नाही. आणि परक्याची फौज त्यांनीच घरात घेतली, हेही. पण आपल्या चुकीने गेलेले राज्य परत आणता आले नाही, तेव्हा त्यांनी त्याची आठवण सव्वादोनशे वर्षे सांभाळली. मुत्सद्द्यांनी मांडलेले डाव उधळले गेले. बागेत एका बाईने मांडलेला देव्हारा तेवढा राहिला.