बाणूची मेंढरं आणि सुप्याचा माळ

रात्रभर बसून खंडोबाचं जागरण ज्यांनी ऐकलं आहे, त्यांना म्हाळसा-बाणूचं भांडण हमखास आठवतं. तुणतुणं, दिमडी, घोळ यांच्या साथीवर वाघ्या-मुरळी दोन्ही सवतींची बाजू मांडतात आणि मांडव हसत राहतो. बारामती, इंदापूरकडे घरात लग्न झालं की जागरण होतंच. मला मात्र या भांडणाआधीचा भाग जास्त मोलाचा वाटतो.

सारीपाटात हरलेला खंडोबा धनगराच्या वाड्यावर चाकरीला राहतो. मेंढरं धुवायला नदीवर नेतो, आपटून मारतो आणि बाणूशी लग्न लावून देण्याच्या बोलीवर पुन्हा जिवंत करतो. चमत्कार घटकाभर बाजूला ठेवू. लोकर कातरण्यापूर्वी मेंढरं वाहत्या पाण्यात धुण्याचा धनगरांचा खराखुरा शिरस्ता आहे. म्हणजे देवाचं लग्न जुळतं ते कातरणीच्या हंगामात, पाणवठ्यावर. युरोपातही मेंढपाळांची नाटकं झाली. टास्सोचं ‘अमिंता’ 1573 मध्ये फेराऱ्याच्या दरबारासाठी लिहिलं गेलं. त्यातले मेंढपाळ प्रेमाबद्दल फार सुंदर बोलतात. लेंड्यांचा वास मात्र तिथं कुणाच्या अंगाला येत नाही. आमची म्हाळसा बाणूला नेमका त्याच वासावरून टोमणा मारते!

म्हाळसा वाण्याची लेक, पेठेतली. बाणू माळावरची. गडावर देवाशेजारी म्हाळसा, तर बाणूचं देऊळ जेजुरीच्या अर्ध्या डोंगरावर. जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर यांनी 1976 मध्ये बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा यांच्यावर ग्रंथ लिहिला. त्याच्या नावातच उगम आणि इतिहासाबरोबर ‘परिसर’ हा शब्द आहे. या दृष्टीनं पाहिलं तर सवतींचं भांडण म्हणजे शेत आणि कुरण यांचा तंटा. पण देवाला एकीलाही सोडता येत नाही. गावकऱ्यालाही येत नसे. पीक निघालं की शेतकरी रानात मेंढरं बसवायचा. त्याला खत मिळे, धनगराला धान्य.

1885 मध्ये नीरा डावा कालवा आला, पुढं ऊस वाढला, आणि हे गणित बदललं. ऊस जवळजवळ वर्षभर रान अडवतो, मग मेंढरं बसवायची कुठं? उरलेला माळ कागदोपत्री ‘पडीक’ ठरला. तिथं खड्डे खणून झाडं लावणं हे पुण्यकर्म समजलं गेलं. वास्तविक हा कमी पावसाचा टापू. गवत हीच त्याची संपत्ती. त्यावर चिंकारा जगतो, लांडगा जगतो. 1997 मध्ये सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य झालं, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं. इंदापुरात कडबनवाडीचा माळ चिंकारांसाठी नावाजला आहे. हे चांगलंच झालं. पण जिथं हरणाला संरक्षण, तिथं मेंढराला अटकाव. बाणूच्या माहेरची माणसं दोन्हीकडून बाहेर. त्यांचा माळ कुणी मोजलाच नाही.

दिवाळी सरली की इथले कितीतरी वाडे घोड्यांवर बिऱ्हाड लादून, घाट उतरून कोकणात जातात. लग्नसराईत इकडे उसाच्या कडेला मांडव पडतात, बाणू-म्हाळसेचं भांडण रंगतं. मेंढरं तेव्हा कोकणातल्या भाताच्या खाचरात बसलेली असतात.