नर्सीच्या शिंप्याची शोकगाथा

नोव्हेंबर महिना आला की आपल्या धर्मग्रामांतील दफनभूमींत मेणबत्त्या उजळतात. पुष्कळदा त्याच सुमारास, कार्तिक वद्य त्रयोदशीला, वारकरी मंडळी आळंदीला ज्ञानदेवांच्या समाधिदिनासाठी जमतात. दिवंगतांचे स्मरण करणाऱ्या या दोन परंपरा शेजारी शेजारी नांदत आल्या आहेत. मात्र आळंदीच्या त्या प्रसंगाचे जे शब्दचित्र महाराष्ट्राच्या मनावर कोरले गेले, त्याचा कर्ता हिंगोली जिल्ह्याशी जोडलेला आहे, याचे भान आम्हांपैकी थोड्यांनाच असते.

हिंगोलीजवळ कयाधू नदीच्या काठी नर्सी हे गाव आहे. परंपरेनुसार दामाशेटी व गोणाई या शिंपी दांपत्याच्या पोटी १२७० साली नामदेवांचा जन्म येथे झाला. काही अभ्यासक हा मान पंढरपूरला देतात. तरीही गावाचे नावच आज नर्सी नामदेव असे झाले आहे. याच जिल्ह्यातील औंढा नागनाथ येथे विसोबा खेचरांनी त्यांना देव सर्वत्र असल्याचा बोध केला, अशी कथा सांगतात.

ज्ञानदेव नामदेवांहून सुमारे पाच वर्षांनी लहान. दोघांनी मिळून तीर्थयात्रा केली. १२९६ साली, वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी, ज्ञानदेवांनी आळंदीस समाधी घेतली. मागोमाग सोपान, मुक्ताबाई व निवृत्तिनाथ ही भावंडेही गेली. नामदेव मात्र १३५० पर्यंत, म्हणजे आणखी चौपन्न वर्षे, जगले.

या मागे राहिलेल्या मित्राच्या नावावर 'आदि', 'तीर्थावळी' आणि 'समाधी' ही तीन अभंगप्रकरणे आहेत. मराठीतील चरित्रलेखनाचा आरंभ अनेक अभ्यासक येथेच मानतात. नामदेवांच्या गाथेत पुढील काळातील 'नामा' नामक कवींची भर पडली आहे आणि कीर्तनकारांच्या मुखांतून ती घडत आली आहे, हेही खरे. आजच्या अर्थाने ही कादंबरी नव्हे. परंतु स्वतःच्या वियोगाला कथेचे रूप देण्याची जी वाट पुढे आपल्या गद्याने धरली, तिचा उगम आम्हांस येथे दिसतो.

'समाधी' प्रकरणात तत्त्वचर्चेपेक्षा घरगुती तपशील अधिक बोलतात. समाधीची जागा झाडून स्वच्छ करावयास नामदेवांची मुले जातात. धाकट्या भावाचा गुरू असलेला, सर्वांना धीर द्यावयाचा तो निवृत्ती स्वतःच कोसळतो. प्रत्यक्ष विठ्ठलही गहिवरतो. ज्ञानी माणसाने रडू नये, असे ही कथा कोठेही म्हणत नाही.

येथे आम्हांस संत ऑगस्टीन आठवतात. ३८७ साली ओस्तिया येथे माता मोनिका निवर्तली, तेव्हा त्यांनी प्रयासाने अश्रू आवरले. नंतर एकांतात मात्र बांध फुटला. सुमारे दहा वर्षांनी आपल्या आत्मकथनात त्यांनी ते अश्रू लपविले नाहीत. वाचक दोष देतील हे ठाऊक असूनही देवापुढे ते मांडले. लाजराच्या कबरेपाशी प्रभू येशूही रडला होता. पुनरुत्थानावरील श्रद्धा आणि डोळ्यांतील पाणी यांचे वैर नाही.

ही वाट पुढेही चालत राहिली. साने गुरुजींची आई १९१७ साली वारली. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात अवघ्या काही दिवसांत त्यांनी 'श्यामची आई' लिहिली. रेव्हरंड टिळकांच्या १९१९ मधील निधनानंतर लक्ष्मीबाईंनी त्यांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' पुढे नेले आणि 'स्मृतिचित्रे' लिहून गेलेल्या माणसाला गुणदोषांसह घरात परत आणले. दुःख उगाळण्यासाठी हे लेखन झाले नाही. मनात कोंडलेला शोक एकट्याचा असतो. कथा झाली की तो वाटून घेता येतो.

नामदेवांचे पुढील आयुष्य याची साक्ष देते. परंपरेनुसार ते उत्तरेकडे निघाले व पंजाबातील घुमानपर्यंत पोहोचले. शिखांच्या गुरु ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत. मित्राला निरोप देणारा हा शिंपी परक्या मुलखाला आपलासा वाटला.

आपल्या घरांतही अलीकडे कोणी गेलेले असते. सांत्वनास येणारे आपण बहुधा म्हणतो, "रडू नका, देवाची इच्छा." हेतू चांगला असतो, पण त्या शब्दांनी समोरच्याचे ओठ मिटतात. त्याऐवजी आपण म्हणून पाहावे, "त्यांच्याविषयी काही सांगा ना!" घरातील एखाद्या मुलीने आजीच्या आठवणी वहीत उतरविल्या, तर तेही प्रार्थनेइतकेच पवित्र काम होय. मेणबत्ती रात्रभर जळते व विझते. नर्सीच्या शिंप्याने शिवलेले शब्द सात शतके टिकले आहेत.